हात लावायचा नाही

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही बोटीच्या काठाशी पालथे पडला आहात. हातभर अंतरावर तुमची आई पोहते आहे. सकाळपासून पोहते आहे, आणि समोरचा किनारा काही केल्या जवळ येत नाही. दोरीला बांधलेली बाटली तुम्ही तिच्याकडे सोडता. ती उताणी होऊन साखरेचं कोमट पाणी पिते. तिला हात मात्र लावायचा नाही. कुणाचं बोट जरी लागलं तरी पोहणं बाद.

या गोष्टीतली मुलगी अशीच पडून होती. तिची आई पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. ही खाडी पार करण्याचा तिचा हा शेवटचा प्रयत्न होता. यापुढे शरीर साथ देणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

दर बाटलीबरोबर एक सोपा प्रश्न विचारायचा, म्हणजे पोहणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, ते कळतं.

"आई, आपल्या दाराचा रंग कोणता?"

"तुझ्या मावशीच्या नाकासारखा. लाल."

मावशी, आईची थोरली बहीण, हसली. या पोहण्यासाठी आईला तयार केलं होतं तिनेच. शेजारी डॉक्टरीणबाई होत्या. लांब पोहण्याने शरीराचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत. निघताना त्यांनी आईचं रक्त घेतलं होतं, नंतर पुन्हा घेणार होत्या.

"कशाला हो दोनदा?" मुलीने विचारलं.

"चिरलेलं सफरचंद तपकिरी पडतं ना? ते हवेतल्या प्राणवायूमुळे. तोच प्राणवायू वापरून शरीर आतली चूल पेटती ठेवतं, म्हणून हात चालतात. पण चूल म्हटली की ठिणग्या आल्याच. इतकं पोहल्यावर फार उडतात, आणि शरीरालाच चटके बसतात."

"मग विझवतं कोण?"

"शरीरच. रोज थोडे चटके सोसून ते विझवायला शिकतं."

मावशीचा चेहरा उतरला. "मी तर तिला वर्षभर जीवनसत्त्वांच्या मूठमूठ गोळ्या चारल्या. ते चटके बसूच नयेत म्हणून."

"मूठमूठ? अहो, मग शरीराने शिकायचं कधी?" मावशीकडे बघून डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "अर्थात, गोळ्यांमुळेच काही होईल असं नाही. थंडी आहे, वारा आहे."

मावशी पाण्याकडे वळली.

दुपार कलली तसा आईचा डावा हात पाण्यावर नुसता फरफटू लागला. ओठ निळे पडले. मुलीने बाटली सोडली.

"आई, दाराचा रंग?"

"कुठलं दार?"

"आता काढूया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबा हो. किनाऱ्यावरची घरं दिसताहेत," मावशी काकुळतीला आली. "एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात घालवू? बाहेर काढलं तर ती आम्हाला जन्मभर माफ करायची नाही."

"जिवंत राहिली तर माफ करेल ना."

दोघी वाद घालत होत्या. मुलगी काठावरून आणखी खाली वाकली.

"आई, मी कोण?"

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तलावावरच्या मुलांशी बोलायची तशा मायेने म्हणाली, "रडू नकोस हं बाळ. काठ धरून ठेव. तुझी आई येईल न्यायला."

मुलीने तिचं मनगट घट्ट पकडलं.

तिघींनी मिळून तिला वर ओढलं. घोंगड्यांत गुंडाळल्यावर बऱ्याच वेळाने आईची थरथर ओसरली आणि तिने लेकीला ओळखलं.

"कुणी हात लावला?"

"मी."

आईने तोंड फिरवलं. मावशी तिचे पाय चोळत होती, वर बघत नव्हती. डॉक्टरीणबाई सुई घेऊन आल्या.

"आता कशाला?" आई बोटीच्या फळीकडे बघत म्हणाली. "बाद झाले मी."

मुलीने घोंगडीतून तिचा हात बाहेर काढला, सरळ केला आणि मांडीवर धरला. आईने तो ओढून घेतला नाही. सुई निघाली तशी मुलीने त्या जागी कापसाचा बोळा ठेवून अंगठ्याने दाबला. रक्त थांबलं, डॉक्टरीणबाई रक्ताची कुपी घेऊन गेल्या, तरी ती दाबूनच बसली.