पलंगाशेजारची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, बुटका बांधा आणि बैठकीला पुढून अर्धगोल काप. परवा एक झाडूवाली म्हणाली, "उंदरांनी खाल्लीय वाटतं." उंदरांची काय बिशाद! हा काप सुताराने दोन दिवस खपून घातला आहे. बाळाला जगात यायला वाट हवी ना, म्हणून.

मला बनवून घेतलं एका सुईणीने. सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. सुतार चौथा पाय लावायला निघाला तेव्हा ती म्हणाली, "तीनच असू देत. जमीन कशीही असली तरी डगमगणार नाही." आणि मी कधी डगमगले नाही.

कुणाला कळा सुरू झाल्या की घरचं माणूस धावत यायचं. मावशी मला गरम पाण्याने घासायची, काखोटीला मारायची आणि निघायची. आम्हा दोघींना पाहून रस्त्यातली गर्दीसुद्धा बाजूला व्हायची. बाई माझ्यावर बसायची, तिची आई नाहीतर जाऊ पाठीमागून तिला धरायची आणि मावशी समोर जमिनीवर उकिडवी. मावशीच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असायचा. "ओरड की गं, इथे काय सासरा बसलाय तुझा?" बाई रडता रडता हसायची. मग बाळाचं पहिलं रडणं ऐकू यायचं. अशी किती रडणी मी ऐकली! त्या दिवसांची मला फार आठवण येते.

मावशीचा एक नियम होता. माझ्यावर बसायचं ते कळा देणाऱ्या बाईनेच. गुडघे कितीही दुखले तरी ती स्वतः कधी टेकली नाही. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिची बसायची वेळ आलीच नाही.

पण सगळं गोडगोड सांगितलं तर ती लबाडी होईल. मावशीची सख्खी धाकटी बहीण माझ्यावरच बाळंत झाली. मुलगी खणखणीत रडली. बहिणीचं रक्त मात्र थांबेना. मावशीला जे जे येत होतं ते तिने केलं, तरी दुपारपर्यंत बहीण गेली. ती मुलगी मावशीने पोटाशी धरून वाढवली. अख्ख्या गल्लीच्या मावशीची हीच एक खरी भाची.

पुढे मोठ्या रस्त्यावर दवाखाना झाला. तिथे म्हणे उंच लोखंडी पलंग होते. बायका तिकडे जाऊ लागल्या तशी मावशी नाक मुरडायची, "आडवं पडून कधी मूल खाली येतं का?" मलाही ते पटायचं.

मग भाचीचे दिवस भरले. सकाळीच कळा सुरू झाल्या. मावशीने तिच्या पोटावर हात फिरवला आणि हात जागीच थांबला. बाळ आडवं होतं. मावशीचं बोलणं पहिल्यांदाच बंद पडलं. मग ती जावयाला म्हणाली, "रिक्षा आणा. दवाखान्यात न्यायचंय हिला."

सगळे गेले. मी एकटीच कोपऱ्यात राहिले. थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. मावशी धापा टाकत आली आणि तिने मला उचललं. निम्म्या वाटेवरून तिने रिक्षा मागे फिरवली होती, केवळ माझ्यासाठी! "अहो मावशी, तिथे पलंग आहेत," जावई काकुळतीने म्हणत होता. "पलंगाचं मला नका सांगू. तिवईशिवाय पोर सुटायची कशी?" खरं सांगते, मला केवढा अभिमान वाटला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भाचीला तपासलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. "इतका उशीर का केलात?" जावयाने खाली मान घालून माझ्याकडे बोट दाखवलं. माझा अभिमान तिथेच जिरला. मावशी मला मांडीवर घेऊन बाहेर जमिनीवर बसली. "माझ्या हट्टापायी बहिणीची पोर घालवली तर मी काय करू गं?" ती मलाच विचारत होती. माझं सरपण झालं असतं तरी बरं, असं मला वाटलं.

तासाभराने आतून रडणं ऐकू आलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "दोघंही सुखरूप आहेत. तुम्ही हाताने ओळखलंत म्हणून वाचली. पण परत फिरायला नको होतं, मावशी."

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. "माझ्या बहिणीच्या वेळी तुम्ही हव्या होतात."

आत भाची मात्र गुंगीत एकच विचारत होती, "मावशी कुठाय?" त्या उंच पलंगावर ती अगदी एकटी होती आणि शेजारी बसायला स्टूलसुद्धा नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला उचलून पलंगाशेजारी ठेवलं. मावशी माझ्याकडे बघत उभीच राहिली. "बस ना गं," भाची म्हणाली. तेव्हा मावशी माझ्यावर बसली, आयुष्यात पहिल्यांदा. तिने भाचीचा हात हातात घेतला आणि तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

मी तिथेच राहिले. कितीजणींच्या आया, बहिणी, नणंदा माझ्यावर बसून गेल्या. आता नवी इमारत झाली आहे. आत कुणाला सोडत नाहीत. मी न्हाणीघरात आहे आणि माझ्यावर फिनेलची बादली असते.

मित्रांनो, माझ्यावर पुन्हा कुणी बाळंत व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. ते काम डॉक्टरीणबाईच करोत. पण भिंतीपलीकडून मला रोज ऐकू येतं. कळा देणारी कुणीतरी विचारत असते, "आई कुठाय? बाहेर आहे का?" तुमच्यापैकी कुणी उद्या तिथे डॉक्टर झालं, नर्स झालं, तर एवढं करा. ती बादली खाली ठेवा, मला धुऊन पलंगाशेजारी न्या आणि तिच्या घरच्या माणसाला माझ्यावर बसवा. मी अजून डगमगत नाही.