चेसिसवरची लांबी

सोमवारी आरटीओत गाडीचं पासिंग होतं. पास झाली तर लाँड्रीच्या कपड्यांची ने-आण माझ्याकडे, नाहीतर दुसरी गाडी तयारच आहे, असं लाँड्रीच्या मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं. मी कामाला होते तो शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यापासून हे एकच धड काम समोर आलं होतं. त्यासाठी उरलीसुरली पुंजी घालून ही जुनी पिकअप घेतली. घेतली कसली, गळ्यात मारून घेतली म्हणा.

ब्रेकच्या दुरुस्तीतच सगळे पैसे गेले. रंगाला दमडी उरली नाही. तेव्हा अप्पा म्हणाले, "मी आहे की!"

अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि दोन वर्षांपासून घरी बसलेत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायला सवड नव्हती. "भिंत काय नि पत्रा काय," ते म्हणाले. "आणि काम सुरू झालं की तू गाडी चालव, मी शेजारी बसून पत्ते वाचतो."

आठ दिवस आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत राबलो. मी गंज घासायचा, त्यांनी खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपर मारायचा, वर ब्रशनं पांढरा रंग. माझ्या पाठीचा नुसता भुगा झाला होता. अप्पा सारखा तळहात फिरवून बघायचे. "डोळा फसवतो, हात फसवत नाही," म्हणायचे. म्हटलं, असेल बाई जुन्या कारागिराची पद्धत.

रविवारी दुपारी ब्रेकवाला मिस्त्री शेवटची नजर टाकायला आला. गाडीखाली डोकं घालून म्हणाला, "ताई, चेसिस नंबर कुठाय?"

"पुढच्या चाकामागं, लोखंडावर कोरलाय. घेताना बघितलाय मी."

"तिथं भिंत झालीय."

मी वाकून बघितलं. गुळगुळीत, पांढरंशुभ्र! भिंतीला ओरखडा ठेवायचा नाही या सवयीनं अप्पांनी अख्खा नंबर लांबीनं बुजवला होता. नंबर नाही तर पासिंग नाही. घासून काढावा आणि आकडे पुसट झाले, तर गाडी चोरीची ठरणार.

माझं डोकंच फिरलं. "अहो अप्पा, नंबर होता तो! डोळे काय गहाण टाकले होते?"

"हाताला खरवडल्यासारखं लागलं," ते हळूच म्हणाले. "म्हणून भरलं."

"घासू नका, थिनरनं भिजवून काडीनं काढा," असं सांगून मिस्त्री गेला. अप्पा गाडीखाली सरपटत शिरले. मागून मी टॉर्च आणि गाडीचे कागद घेऊन शिरले. दोन तास ते लाकडी काडीनं एकेक आकडा मोकळा करत होते. थिनरच्या वासानं माझं डोकं दुखायला लागलं. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"वाचा आता, मी कागदावर ताडून बघते."

त्यांनी बोट फिरवलं. "चार. सात." मग थांबले. परत फिरवलं. "हा तीन की आठ गं?"

आकडा त्यांच्या नाकापासून वीतभर होता आणि टॉर्च थेट त्यावर.

"अप्पा, दिसत नाही का तुम्हाला?"

"कडेकडेचं दिसतं. मधलं नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "सांगितलं असतं तर ब्रेकचे पैसे तू डॉक्टरला दिले असतेस."

मघाचं माझं बोलणं आठवलं. जीभ झडावी माझी, असं वाटलं. मी तिथंच, गाडीखाली, पालथी पडून रडले.

"आठ आहे, अप्पा," शेवटी मी म्हणाले. "पुढचा?"

सोमवारी गाडी पास झाली. मंगळवारी अप्पा ऐटीत शेजारी बसले.

"लाँड्रीला डावीकडे वळायचं ना?"

ते वळण कधीच मागे पडलं होतं. "आधी डोळ्यांचा दवाखाना," मी म्हणाले. "पत्ते मी वाचीन. तुम्ही कपड्यांचे गठ्ठे मोजा."

 अप्पा दारावरून तळहात फिरवत म्हणाले, "इथं जरा खरखरीत राहिलंय बघ."