शेवाळाचे लाड आणि रानकांद्याची हद्दपारी

पणजोबांनी विहिरी खणल्या, आजोबांनी नळ बसवले आणि वडिलांनी गावभराचे बंब दुरुस्त केले. अशा घराण्यातल्या सुपुत्राने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घरात ऊन पाण्याला बंदी घातली. कारण एकच: न्हाणीघराच्या खिडकीत, काचेच्या बशीत त्याने वाढवलेले दुर्मिळ शेवाळ. तो वनस्पती-संग्रहालयात नोकरीला होता आणि वाफेने शेवाळ शिजेल, असे त्याचे ठाम मत होते. बायको तेव्हापासून वर्षानुवर्षे कुडकुडत न्हात होती आणि त्याला ‘शेवाळपंडित’ म्हणत होती.

शेजारीच फुटक्या मगात आईने रानकांदा खोचला होता. त्याला कोणी विचारीत नसे. तोही कोणाला न विचारता वाढत होता.

आई लेकीकडे राहायला गेली आणि शेवाळ सुकू लागले. त्यातच संग्रहालयाच्या प्रमुखबाई ते पाहायला येणार होत्या. पसंत पडले तर शेवाळाला स्वतंत्र काचघर मिळणार होते. पंडिताचा जीव टांगणीला लागला.

“हा कांदाच ओलावा ओढतोय!” असे निदान करून त्याने कांद्याचा मग खिडकीबाहेर भिरकावला.

“नाजूकाचे लाड आणि चिवटाला हद्दपारी,” बायको म्हणाली. “म्हणजे या घरात मीही कांदाच.”

“अगं, ते जगात दोन-तीन ठिकाणीच उगवतं!”

“एवढे नखरे असल्यावर चौथ्या ठिकाणी कोण उगवू देईल?”

कांद्याने उकिरड्यावर नवा कोंब काढला. शेवाळ तपकिरी झाले. भेटीच्या दिवशी पंडित दुपारीच घरी परतला, सोबत तिच्या कामावरून लवकर सुटलेली बायकोही. आदल्या रात्री परतलेली आई न्हाणीघरात होती आणि दाराखालून वाफेचे लोट येत होते.

“आई! हे काय?”

“अंघोळ. तुम्ही कामावर गेलात की रोज करते. बंबवाल्याची बायको मी. गार पाण्याने न्हाऊन त्यांचं नाव घालवू?”

“सासूबाई, मला नाही सांगितलंत?”

“बंबात पाणी एकीपुरतंच तापतं गं.”

दार उघडले. बशीतले शेवाळ वाफ पिऊन हिरवेगार झाले होते.

काचघर मिळाले. प्रमुखबाई निघताच आई म्हणाली, “शेवाळाची सोय झाली. सुनेचं ऊन पाणी मात्र तुझ्याकडे बाकी आहे.”

जितकी वर्षे ती कुडकुडली, तितकी वर्षे पंडिताने स्वतः बंब पेटवला आणि बादली उचलून दिली. एक दिवसही चुकला नाही. शेवटच्या बादलीत बायकोने कोपरापर्यंत हात बुडवून पाहिला.

“फिटलं,” ती म्हणाली आणि कडी लावली.