रेषेअलीकडे उचललेला पाय

"मावशी, सारखं सारखं हरून कंटाळा नाही येत हो तुम्हाला?"

मागच्या सीटवर मैत्रिणी दप्तरात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांची, तोंड भिंगरीचं. शाळेची बस चालवणाऱ्या या मावशींना मोटारींच्या शर्यतीच्या सरळ पट्टीवर दरवेळी धूळ चारायची ती भिंगरीच. रस्त्यावर गाडी चालवायचं तिचं वय व्हायचं होतं. पट्टीवर आईबाबांच्या सहीवर भागायचं.

मावशींनी आरशातून पाहिलं. "हरायचा नाही गं येत. तू रेषेअलीकडे हळूच पाय उचलतेस ना, त्याचा येतो."

मैत्रिणींना ओ की ठो कळलं नाही. भिंगरीच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या.

शर्यतीत भिंगरी आणि मावशींचा गट 'कारखान्यातून आली तशीच' गाड्यांचा. कारखाना कागदावर जेवढी ताकद सांगेल, त्यावरून गाडीत किती वजन ठेवायचं ते ठरायचं. मावशींची गाडी जुनी, साधी. भिंगरीच्या गाडीला इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर कारखान्यानेच बसवलेला, आणि कागदावरचा आकडा मात्र अगदी गरीब बिचारा! खरा वेग दिसला तर पंच आकडा वाढवणार, वजन लादणार. म्हणून बाबांची शिकवण: पुढे गेलीस की शेवटच्या रेषेअलीकडेच ॲक्सिलरेटरवरून पाय उचल. जिंकायचं, पण थोडक्यात.

भिंगरीला ती कला वाटायची. "मी अर्ध्या जोरात जिंकते!" असं ती वर्गभर मिरवायची. आता ते आठवून तिला बसच्या सीटखाली शिरावंसं वाटलं. थांबा येताच ती आरशाकडे न बघता उतरली.

घरी गॅरेजमध्ये बाबा गाडीखाली आडवे होते, आई चाकांची हवा बघत होती.

"आज आमचा भोंगा बंद कसा?" आई म्हणाली.

भिंगरीने सगळं सांगितलं. मैत्रिणींच्या पैजेसकट.

बाबा तसेच गाडीखालून बोलले, "अगं, सुपरचार्जर आपण का चोरून बसवलाय? गाडी नियमात आहे."

"गाडी आहे हो बाबा. माझा पाय नाहीये."

बाबांच्या हातातला पाना थांबला.

"सगळेच उचलतात," ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मावशी कुठे उचलतात? त्या शेवटपर्यंत दाबून ठेवतात. आणि मी त्यांनाच विचारलं, कंटाळा येत नाही का म्हणून!" तिचा आवाज चिरकला. "उद्या त्यांच्या बसमध्ये कुठल्या तोंडाने चढू?"

आईने हवेचा मीटर खाली ठेवला. "वजन चढलं की त्या तुला हरवतील, कळतंय ना? मग रडत घरी यायचं नाही."

"रडणार. भरपूर रडणार." भिंगरीने नाक पुसलं. "पण रविवारी पहिल्याच फेरीत, पंचांच्या डोळ्यांदेखत, मी रेषा ओलांडेपर्यंत पाय उचलणार नाही. गाडीत ठेवायच्या वजनाच्या लोखंडी पाट्या आत्ताच काढून ठेवा."