लोकरीतलं कोपर

तोशिएबाईंनी आपल्या तीन चिठ्ठ्या ढिगात सरकवल्या आणि हात पटकन मांडीवर घेतला.

चिठ्ठ्यांवर नाव नसतं. त्या पिसून वाटायच्या, ज्याच्या वाट्याला ज्या कविता येतील त्या त्याने आपल्या अक्षरात उतरवायच्या, मग ते कागद हातोहात फिरवायचे. मात्सुए गावातल्या या हायकू मंडळात वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं.

"डोळे सुजलेत हो तुमचे," शेजारच्या मासुकोबाई संत्रं सोलत म्हणाल्या. "कोणाचं दळण दळताय सध्या?"

"एका पोलिश बाईचं. सहाशे पानं भाषांतर."

"दुसऱ्यांची बाळं न्हाऊ घालण्यात जन्म गेला की तुमचा!"

तोशिएबाई कसंनुसं हसल्या. त्यांच्या पिशवीत मंडळ सोडण्याचं पत्र होतं. तीन वर्षांत त्यांची एकही ओळ कोणी निवडली नव्हती. इतक्यांचे आवाज या गळ्यातून गेले. आपला कधीतरी वाटेतच सांडला असावा. आजच्या कविताही नव्या नव्हत्या. जुन्या वहीतून, गाडीत पेंगत पेंगत उतरवलेल्या.

कागद फिरू लागले. पाच निवडायच्या, आपली सोडून. चौथ्या कागदावर, कोणाच्या तरी टपोऱ्या अक्षरापाशी, त्यांचं बोट थांबलं. समोरचा चहा निवून गेला.

"तोशिएबाई, तुमची पहिली पसंती?" इनागाकी मास्तरांनी विचारलं.

त्यांनी वाचलं,

"उसवला स्वेटर —
लोकरीच्या वळणांत अजून
त्याचं कोपर."

"माझीही हीच," मास्तर म्हणाले. "कोणाची? नाव सांगा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"अहो, लाजता काय नव्या नवरीसारखे!" मास्तर म्हणाले.

तोशिएबाईही मान वळवून शोधत होत्या. मांडीवर त्यांचा अंगठा मात्र बोटांभोवती काहीतरी गुंडाळत होता. त्याच्या उसवलेल्या स्वेटरची करडी लोकर. खुर्चीच्या पाठीला ताणलेली. अकरा हिवाळ्यांपूर्वीची.

"तोशिए," त्या म्हणाल्या.

मासुकोबाईंच्या हातातली फोड तशीच राहिली. "अगं बाई! आपलीच नसते हो निवडायची!"

"मला कुठे ठाऊक होतं," तोशिएबाई हळूच म्हणाल्या, "माझी आहे ते."

मास्तरांनी नियमाप्रमाणे त्यांचं मत खोडलं आणि पुढचं नाव पुकारलं.

उठताना मासुकोबाई संत्र्याच्या साली गोळा करू लागल्या. टाकायला जवळपास काही नव्हतं. तोशिएबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं आणि त्याचं तोंड उघडून पुढे धरलं.

"यात घाला."

"अहो, आत पत्र आहे ना!"

"असू दे," त्या म्हणाल्या.