पायाभोवतीची फट

ग्राइंडिंग मशीन शेवटी एका चेक कारखान्याने घेतलं, आणि शनिवारी सकाळी तिथला फिटर व्होइटेक ते उचलायला क्रेन घेऊन आला. हार्टमुट रेमेले बाजूला खांबासारखा उभा राहिला. याच एका मशीनवर त्याच्या वडिलांनी, गॉटलोबने, हा कारखाना उभा केला होता. इथून निघालेल्या रोलरमध्ये तोंड पाहून घ्यावं, अशी त्याची ख्याती. दोन वर्षांपासून मात्र रोलरवर बारीक लाटा उमटायला लागल्या आणि हार्टमुटने जिवाचं रान केलं. घासायचं व्हील बदललं, बेअरिंगं बदलली, मशीनचा बेड पुन्हा सपाट करून घेतला. लाटा गेल्या नाहीत, गिऱ्हाइकं गेली. आज कारखानाही हातचा चालला होता.

"मशीनला कशाला बोल लावायचा? हातात कसब लागतं," शेजारी उभा म्हातारा गॉटलोब आताही म्हणाला. दोन वर्षं हेच ऐकून ऐकून हार्टमुटला ते पटलंही होतं.

मशीन वर उचललं गेलं. व्होइटेकने मशीनखालच्या पायाच्या कडेची पत्र्याची पट्टी उचकटली आणि तो थबकला.

"इथली फट कुणी बुजवली?"

"मी," गॉटलोब म्हणाला. आमच्या श्वाबियात, जर्मनीच्या या दक्षिण कोपऱ्यात, शनिवारी झाडू न मारणाऱ्याला गल्लीभर नावं ठेवतात, आणि गॉटलोब तर त्यातही कडवा. "पाया घालणारे आळशी, काम अर्धवट सोडून गेले. किती झाडलं तरी तेलकट कचरा साठायचा. दोन वर्षांपूर्वी ठोकून काँक्रीट भरलं. बघ, कसं लख्ख."

भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा पत्रे ठोकणारा प्रेस धाड धाड चालू होता.

"बाबा, फट मुद्दाम ठेवली होती," हार्टमुट म्हणाला. "मशीनचा पाया बाकीच्या जमिनीपासून सुटा राहावा म्हणून. तुम्ही दोन्ही जोडून टाकलंत. पलीकडचा एकेक दणका थेट मशीनमध्ये यायला लागला."

"काहीतरीच. घट्ट केल्यावर काही हलतं का?"

"हललं ना. दोन वर्षं हलत होतं. आणि तुम्ही माझ्या हातांना बोल लावत होतात."

गॉटलोब छिन्नी-हातोडी घेऊन गुडघ्यांवर बसला आणि काँक्रीट फोडायला लागला.

"संध्याकाळपर्यंत मोकळी करतो."

"बाबा, मशीन तर निघालं."

"सरक जरा. उजेड अडवतोयस."

बाहेर ट्रक सुरू झाला. हार्टमुट सरकला.