बनवलेलं वाक्य

बाबांच्या कोशाचा नियम एकच, पण जाचक. उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही. आधी ते कुणाच्या तरी तोंडून मराठीत ऐकायचं, कार्डावर बोलणारा आणि तारीख लिहायची, मगच त्याचं इंग्रजी करायचं. या हट्टापायी इंग्रजी जोडक्रियापदांचा आमचा एवढासा कोश नऊ वर्षं रखडला आणि माझं डोकं पिकलं.

आज बाराच्या आत शेवटची पानं छापखान्यात द्यायची होती. उरलं होतं फक्त ‘गिव्ह अप’, चार अर्थांचं. मी कार्डं लावायला घेतली. सवय सोडणं: ‘ह्यांनी सिगारेट सोडली.’ बोलणारी, आई. जागा देणं: बसचा कंडक्टर. शरण जाणं: शेजारचे निवृत्त पोलीस. चौथं, आशा सोडणं: ‘आम्ही आता आशा सोडली आहे.’ बोलणारे, डॉक्टर. तारीख गेल्या मंगळवारची.

मंगळवारी बाबा आईचे रिपोर्ट आणायला गेले होते. सगळं ठीक आहे, असं त्यांनी आम्हा दोघींना सांगितलं होतं.

बाबा समोरच पेन्सिलीला टोक काढत होते. मी कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं.

"सवयीनं लिहिलं गेलं," ते हळूच म्हणाले. "तिला कळता कामा नये."

मला त्यांचा भयंकर राग आला. बायकोपासून लपवायचं आणि कार्ड मात्र नियमात बसवायचं. पण भांडायला वेळ कुठे होता? आतून आईची हाक आली, "झालं का गं? वाचून टाकते एकदाचं." तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमचं एकही पान बाहेर पडत नसे.

"तूच एखादं बनव," बाबा म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

मी कोरं कार्ड ओढलं. ‘किल्ली सापडेना, तेव्हा त्यानं आशा सोडली.’ बोलणारा, पोस्टमन. तारीख कालची. जुनं कार्ड बाबांनी खिशात कोंबलं, तोवर आई चष्मा पुसत आलीच.

"सोडली म्हणे सिगारेट," ती हसली. पुढची दोन कार्डं भराभर वाचली. चौथ्यावर थांबली. तिनं ते उलटंपालटं केलं, मग बाबांकडे पाहिलं. ते मान वर करेनात.

"हे कुणी बोललेलं नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाचतेय, मला कळतं."

ती खुर्ची ओढून आमच्या मध्ये बसली आणि बाबांपुढे हात पसरला.

"खरं कार्ड द्या."